नेहमीसारखे आहे ना?

घरात पाळलेल्या प्राण्याचे दुखणे आपल्याला उशिरा कळते, याचा सगळा दोष आपल्या दुर्लक्षाला देता येणार नाही. दुखणे लपवणे हा त्या प्राण्याच्या हाडीमांसी भिनलेला गुण आहे. मांजर स्वतः शिकारी खरे, पण आकाराने इतके लहान की एखाद्या मोठ्या शिकाऱ्याने त्यालाच सहज उचलावे. अशा प्राण्याने कण्हत, लंगडत फिरणे म्हणजे संकटाला आवतण देणे. माणसाच्या आसऱ्याला येऊन हजारो वर्षे उलटली तरी त्याची ही सवय सुटलेली नाही. कुत्रा त्या मानाने मोकळ्या स्वभावाचा, तरीही तो शेपूट हलवत दाराशी आला म्हणून त्याची दाढ ठणकत नसेल असे समजण्यात अर्थ नाही. ससा आणि पक्षी तर या बाबतीत इतके पक्के की, ते आजारी दिसू लागतात तेव्हा आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो.

म्हणूनच प्रतिबंधक काळजी म्हटले की लोक आधी लसींचे वेळापत्रक विचारतात, तेव्हा मला थोडे मागे जावेसे वाटते. लस हवीच, पण त्याच्याही आधी आपला प्राणी बरा असताना नेमका कसा असतो हे आपल्याला ठाऊक हवे. तो किती पाणी पितो, झोपेत श्वास किती वेगाने घेतो, जिना कसा चढतो, अंग कुठे कुठे चाटतो, त्याच्या हिरड्यांचा रंग कोणता, हे माहीत असणाऱ्याला रोगांची लांबलचक यादी पाठ नसली तरी चालते. काहीतरी बदलले आहे एवढे लक्षात येणे पुरेसे असते. काय बदलले ते सांगायला डॉक्टर आहेत.

आमच्या घरातला बोका आता म्हातारपणाकडे झुकला आहे. पूर्वी तो जमिनीवरून खिडकीच्या कठड्यावर एका झेपेत जायचा. मग केव्हातरी तो आधी खुर्चीवर चढू लागला, तिथे क्षणभर थांबून अंदाज घेऊ लागला आणि त्यानंतर कठडा गाठू लागला. पाहणाऱ्याला यात शहाणपणच दिसावे. पण त्याच सुमारास ब्रश फिरवताना शेपटीच्या मुळाशी, कमरेच्या वरच्या भागात, केसांच्या बारीक गाठी हाताला लागू लागल्या, आणि ज्या मांजराचा बराचसा जागता वेळ अंग चाटण्यात जातो त्याच्या पाठीवर गाठी का व्हाव्यात, हा प्रश्न पडला. उत्तर सांध्यांत होते. मान वळवून कमरेपर्यंत जीभ पोहोचवणे त्याला जड जात होते. उतारवयातल्या मांजरांमध्ये सांध्यांची झीज अतिशय सर्रास आढळते, पण त्यांतली फारच थोडी उघडपणे लंगडतात. बाकीची उड्या कमी करतात, वाटा बदलतात, आणि आपण म्हणतो की वय झाले. वय हा आजार नव्हे, आणि त्या सबबीखाली बरीच बरी होण्याजोगी दुखणी झाकली जातात.

काही गोष्टी मात्र नुसत्या नजरेवर सोडू नयेत, त्या मोजाव्यात. गाढ झोपलेल्या कुत्र्याच्या किंवा मांजराच्या छातीकडे पाहत तीस सेकंद श्वास मोजायचे आणि दुप्पट करायचे. निरोगी प्राण्यात हा आकडा साधारणपणे मिनिटाला ३०च्या आत राहतो. स्वप्नात पाय झाडणारा कुत्रा किंवा घुरघुरणारे मांजर मोजू नये, कारण तो आकडा फसवा असतो. शांत झोपेतला वेग पुन्हा पुन्हा तिसाच्या वर जाऊ लागला, तर हृदय किंवा फुप्फुसे तपासून घ्यायला हवीत. हृदयाच्या आजारात खोकला किंवा धाप दिसण्याच्या आधी हा फरक दिसू शकतो. हिरडीवर बोट हलकेच दाबून उचलले की ती जागा पांढरी पडते आणि रक्ताभिसरण नीट असेल तर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. काही प्राण्यांच्या हिरड्या जन्मतःच काळसर असतात, हेही बरे असतानाच पाहून ठेवलेले असले तर ऐन वेळी धावपळ होत नाही. शरीराचे तापमान कुत्र्यामांजरांत साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्याला ताप वाटावा तो त्यांचा आरोग्याचा आकडा. नाक कोरडे किंवा गरम लागले म्हणजे ताप आहे, ही समजूत मात्र सोडून दिलेली बरी.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो वजनकाटा. महागडे शांपू, सुगंधी फवारे आणि चकचकीत गळपट्टे यांवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग काट्यावर झाला, तर प्राण्यांचे पुष्कळ भले होईल. मांजराला काट्यावर बसवण्याचा प्रयत्न करू नये. आधी त्याला घेऊन आपण उभे राहावे, मग एकट्याने, आणि वजाबाकी करावी. लहान प्राण्यांसाठी बाळांचा काटा अधिक चांगला, कारण इथे ग्रॅमना किंमत आहे. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम कमी झाले तर डोळ्यांना काहीही दिसत नाही, केसांत ते झाकून जाते. पण ते दहा टक्के वजन आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाने न ठरवता सहा किलो गमावण्यासारखे. थायरॉइड, मधुमेह, मूत्रपिंड, आतड्यांचे विकार, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. महिन्यातून एकदा वजन लिहून ठेवण्याला काही मिनिटे लागतात, आणि त्या रकान्यात खाली सरकत जाणारा आकडा जे सांगतो ते प्राणी स्वतः कधीच सांगणार नसतो.

वजन वाढण्याबद्दल बोलायला गेले की घरातली माणसे दुखावतात, असा माझा अनुभव आहे. खाऊ घालणे हीच प्रेमाची भाषा झालेली असते. पण या बाबतीत एक अभ्यास मला विसरता येत नाही. लॅब्राडॉर जातीच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे देण्यात आले, आणि ते आयुष्यभर तसेच ठेवण्यात आले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणाऱ्या कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे भरले, तर जास्त खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे. सांधेदुखीवरचे उपचारही पहिल्या गटाला उशिरा लागले. ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, जास्त खाणारी कुत्री बेढब लठ्ठ वगैरे नव्हती, आपण ज्यांना कौतुकाने अंगाने भरलेली म्हणतो तशी होती. कुत्र्याच्या आयुष्यातली जवळपास दोन वर्षे म्हणजे केवढा काळ, हे ज्याने म्हातारा कुत्रा सांभाळला आहे त्याला सांगावे लागत नाही.

वजन योग्य आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. हात सपाट ठेवून बरगड्यांवरून फिरवावा. फारसे न दाबता बरगड्या मोजता आल्या पाहिजेत, पण दुरून त्या ठसठशीत दिसता कामा नयेत, आणि वरून पाहिल्यावर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसायला हवी. लठ्ठ मांजराला मात्र एकदम उपाशी ठेवून बारीक करायला जाऊ नये. मांजराने दोनतीन दिवस काही खाल्ले नाही, आणि त्यातही ते लठ्ठ असले, की शरीरातली चरबी यकृतात साचून जिवावरचे दुखणे उद्भवू शकते. वजन उतरवायचे ते सावकाश, मोजून आणि डॉक्टरांना विचारून.

दातांविषयी लोक बोलतच नाहीत. तोंडाचा वास हा जणू कुत्र्याच्या जातीचाच गुण मानला जातो. प्रत्यक्षात निरोगी तोंडाला दुर्गंधी नसते. दातांवर साचणारा मऊ थर दोनतीन दिवसांत लाळेतल्या क्षारांमुळे टणक होऊ लागतो, कीटण हिरडीखाली उतरते आणि तिथे जंतूंना कायमचा थारा मिळतो. तीन वर्षांच्या वयापर्यंत बहुतेक कुत्र्यामांजरांत हिरड्यांच्या आजाराची सुरुवात झालेली असते. उपाय एकच, दात घासणे, आणि तेही जमेल तितके रोज, कारण थर टणक होण्याच्या आत तो निघाला पाहिजे. माणसांची टूथपेस्ट वापरू नये. तिच्यातले फ्लोराइड प्राणी गिळतो, आणि काही पेस्टमध्ये गोडव्यासाठी झायलिटॉल असते, जे कुत्र्याच्या शरीरात इन्शुलिनचा लोंढा सोडून रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणते. सुरुवातीला आठवडाभर फक्त बोट ओठांखालून फिरवावे, मग बोटाला फडके गुंडाळून, मग ब्रश. दातांची बाहेरची बाजू घासली तरी पुष्कळ झाले. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी सांभाळते. भूल न देता दात खरवडून पांढरे करून देणाऱ्यांपासून मी लांब राहीन, कारण आजार हिरडीच्या खाली असतो आणि तिथे त्यांचे हत्यार पोहोचत नाही.

आता लसींकडे येतो. पिल्लांना एकच लस पुन्हा पुन्हा का टोचतात, हा प्रश्न अनेकांना पडतो आणि काहींना त्यात धंदा दिसतो. कारण समजून घेतले तर शंका राहत नाही. जन्मल्यानंतर पहिल्या काही तासांत आईच्या चिकातून पिल्लाला रोगाशी लढणारी प्रतिपिंडे मिळतात आणि ती त्याचे रक्षण करतात. पण तीच प्रतिपिंडे लसही निष्प्रभ करून टाकतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे, एकाच वेतातल्या भावंडांतही वेगळे. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस देत देत सोळा आठवड्यांच्या पलीकडे जायचे, म्हणजे आईचे कवच गळून पडल्यानंतरची एक तरी मात्रा लागू पडते. शेवटची मात्रा चुकवणाऱ्याने आधीच्या सगळ्या मात्रा घेऊनही पिल्लू उघडे ठेवलेले असू शकते. त्यानंतर वर्षाच्या आतबाहेर एक बूस्टर, आणि पुढे रोगानुसार दर वर्षी किंवा दर तीन वर्षांनी.

लसीची आवश्यकता पटवायला, पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाबांनी गाठणाऱ्या पार्वोव्हायरसचा इतिहास पुरेसा आहे. मांजरांच्या एका जुन्या विषाणूशी जवळचे नाते सांगणारा हा विषाणू १९७०च्या दशकात कुत्र्यांमध्ये आला, १९७८मध्ये तो ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. तोवर कोणत्याही कुत्र्याच्या शरीराची त्याच्याशी ओळख नव्हती. हा विषाणू आणि त्याचा मांजरांतला भाऊबंद, दोन्ही इतके चिवट आहेत की बाहेर महिनोन्महिने टिकतात आणि चपलांच्या तळव्यांना चिकटून घरात येतात. घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या मांजराला लस कशाला, या प्रश्नाचे उत्तर त्या चपलांपाशी आहे.

रेबीजच्या लसीचा विचार मी वेगळा करतो, कारण ती केवळ प्राण्यासाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगाने जगात दर वर्षी सुमारे ५९,००० माणसे मरतात, आणि माणसांना होणारी ९९ टक्क्यांपर्यंतची लागण कुत्र्यांमार्फत होते. लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या मुलाला पहिली लस टोचली ती ६ जुलै १८८५ रोजी. म्हणजे उपाय हाती येऊन १४० वर्षे झाली. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र आजही हातात जवळपास काहीच उरत नाही. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे मानले जाते. कुणालाही चावा किंवा ओरखडा लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. घरच्या कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून हे टाळू नये.

पिसवांच्या बाबतीत डोळ्यांना दिसते त्यावर विसंबणे सर्वांत महागात पडते. प्राण्याच्या अंगावर ज्या प्रौढ पिसवा दिसतात त्या एकूण प्रादुर्भावाच्या जेमतेम पाच टक्के. उरलेली अंडी, अळ्या आणि कोष गालिच्यात, अंथरुणात, फरशीच्या फटींत असतात. कोषातली पिसू अनुकूल वेळेची वाट पाहत काही महिने काढू शकते. म्हणून एकदा औषध लावले, पिसवा मेल्या, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा आल्या की लोक औषधाला दोष देतात. घरातल्या सगळ्याच प्राण्यांना सलग काही महिने औषध, अंथरुणे गरम पाण्यात धुणे आणि कोपऱ्याकोपऱ्यांतून व्हॅक्यूम फिरवणे, हे तिन्ही मिळून एक उपचार होतो. अंग चाटताना पिसू गिळली गेली की तिच्यातून फीतकृमी पोटात जातो, त्यामुळे पिसवांचा बंदोबस्त हा जंतांचाही बंदोबस्त आहे. एक इशारा मात्र ठळक शाईत लिहावा असा: कुत्र्यांच्या त्वचेवर टाकायच्या पिसवांच्या काही औषधी थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते, आणि ते मांजराच्या जिवावर बेतते. अर्धा डोस देऊ, असा हिशेब इथे चालत नाही.

गोचीड हुडकायला डोळ्यांपेक्षा बोटे चांगली. आमच्या कुत्रीला फिरवून आणल्यावर तिला आडवी करून मी बोटांची टोके केसांच्या उलट दिशेने फिरवतो: कानाची मुडप, कानाच्या मागचा खळगा, गळपट्ट्याखालची जागा, काख, आणि मग एकेक बोट विलग करून पंजाच्या बेचक्या. बेचकीत तीळभर काहीतरी घट्ट लागते, चामखीळ आहे की काय असे वाटते, आणि उजेडात धरले की बारीक पाय दिसतात. बारीक चिमट्याने त्वचेलगत पकडून, न पिळता, सरळ ओढायचे. तेल ओतणे, चटका देणे असले प्रकार करू नयेत. चवताळलेली गोचीड पोटातला ऐवज जखमेत ओकण्याचा संभव असतो, आणि एर्लिकिया, बाबेसिया यांसारखे रक्ताचे आजार तिच्यामुळेच होतात. या तपासणीला माझी कुत्री लाड समजते, हे माझ्या पथ्यावरच पडते.

डासांमुळे होणाऱ्या हृदयकृमीच्या औषधाची रीत मोठी मजेशीर आहे. महिन्याकाठी दिली जाणारी गोळी पुढच्या महिन्याचे संरक्षण करते असे आपल्याला वाटते. वास्तविक ती मागच्या महिन्यात शरीरात शिरलेल्या अळ्या मारते. अळीचा पूर्ण वाढलेला कृमी व्हायला सहा ते सात महिने लागतात, आणि त्यातल्या सुरुवातीच्या काळात तिला गाठणे सोपे, नंतर फार कठीण. त्यामुळे डासांचा मोसम संपला म्हणून लगेच गोळी बंद करणे चुकीचे ठरते. या औषधांतले आयव्हरमेक्टिन ज्या संशोधनातून आले, त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५चे नोबेल मिळाले. मात्र कोली आणि त्याच्या जवळच्या जातींतल्या बऱ्याच कुत्र्यांत असा जनुकीय बदल असतो की मोठ्या मात्रेत हेच औषध त्यांच्या मेंदूपर्यंत पोहोचते; तेव्हा गुराढोरांसाठी आणलेले इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचण्याचे धाडस कुणी करू नये.

घरातल्या औषधांच्या डब्याविषयीही हेच. मांजराच्या यकृतात पॅरासिटामॉलची विल्हेवाट लावणारी यंत्रणा तोकडी असते आणि एकच गोळी त्याचा जीव घेऊ शकते. चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, कांदा आणि लसूण कुत्र्यामांजरांपासून दूर ठेवावेत. मांजर असलेल्या घरात लिलीची फुले आणूच नयेत, कारण तिचे परागकण चाटले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पक्षी पाळणाऱ्यांनी नॉनस्टिक भांडे कोरडे तापू देऊ नये. त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवायला त्याला वाळलेले गवत सतत लागते, गोळ्यांचे खाद्य त्याची जागा घेऊ शकत नाही. दहाबारा तास काही न खाल्लेला ससा ही तातडीची बाब आहे. तशीच तातडी बोका पुन्हा पुन्हा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल आणि लघवी होत नसेल तेव्हा असते. बद्धकोष्ठ समजून सकाळपर्यंत थांबणारे लोक आहेत, आणि मूत्रमार्ग तुंबलेल्या बोक्याकडे तेवढा वेळ नसतो.

पाण्याचा वाडगा हा मांजराच्या तब्येतीचा आणखी एक साक्षीदार. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, म्हणून ते मुळात कमी पिते आणि लघवी दाट करते. तेच मांजर वाडग्यापाशी वारंवार दिसू लागले आणि ट्रेमधल्या वाळूचे लघवीने होणारे गोळे मोठे होऊ लागले, तर रक्त आणि लघवी तपासून घ्यावी. मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता गेल्याशिवाय रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य, सहसा वाढत नाही, म्हणून एका अहवालापेक्षा वर्षावर्षाचे अहवाल शेजारीशेजारी ठेवून पाहणे उपयोगी. सात-आठ वर्षांच्या पुढे मी तपासणी सहा महिन्यांवर आणतो. प्राण्याचे सहा महिने आपल्या दोनतीन वर्षांइतके भरतात.

दवाखान्यात जाण्याचीच धास्ती असलेल्या मांजरांची तपासणी टळत जाते, यावर उपाय म्हणजे पिंजरा माळ्यावर न ठेवता वर्षभर खोलीत दार उघडे टाकून ठेवणे. आत जुनी चादर, कधीमधी एखादा खाऊ. आमचा बोका दुपारी त्यातच झोपतो, आणि प्रवासाच्या दिवशी दार लावण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

टेबलावर गेल्यावर मात्र प्राणी भलताच तल्लख होतो. घरी लंगडणारा कुत्रा तिथे भीतीपोटी ताठ चालतो, खोकणारा खोकत नाही, आणि डॉक्टरांच्या हाती तेवढीच काही मिनिटे असतात. म्हणून घरीच फोनवर चित्रण करून न्यावे: चालताना मागून आणि बाजूने, खोकताना, झोपेतला श्वास. सोबत वजनाची वही न्यावी. कधीपासून, दिवसातून किती वेळा, खाण्याआधी की नंतर, पाणी वाढले की कमी झाले, हे डॉक्टर विचारतातच, आणि त्या वहीत तारखा असल्या तर पहिल्या भेटीतच कोणती चाचणी करायची ते ठरते.